कोपभवनाची सोय

जुलै संपत आला की महाराष्ट्रात घरोघरी शेंगांचा हंगाम सुरू होतो. या शेंगा शेतातल्या नसतात, भाषणातल्या असतात. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी, आणि टिळकांवर भाषण म्हटलं की वर्गात पडलेली टरफलं आलीच. केसरी, मंडालेचा तुरुंग, गीतारहस्य हे सगळं लहान पोराला पेलतंच असं नाही. पण टरफलांचा प्रसंग बालवाडीतलं पोरही भिवया चढवून, हाताची घडी घालून ठणकावून सांगतं. कुणीतरी शेंगा खाल्ल्या, टरफलं तशीच टाकली, गुरुजींनी सगळ्यांना ती उचलायला सांगितली आणि छोट्या बाळने साफ नकार दिला. शेंगा खाल्ल्याच नाहीत तर टरफलं उचलायची कशाला? इथे टाळ्या. आईच्या डोळ्यांत पाणी, बाबांच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ, आजीच्या हातात मीठमोहऱ्या.

दुसऱ्या दिवशी त्याच घरात हॉलभर ठोकळे पसरलेले असतात. आई म्हणते, "उचल." पोरगं म्हणतं, "मी नाही पसरले, ताईने पसरले. मी नाही उचलणार." सूर तोच, भिवया तशाच, हाताची घडीही जागच्या जागी. आज मात्र टाळ्या नाहीत. "उलट बोलतोस? कोण शिकवतं हे तुला?" पोराला उत्तर ठाऊक असतं. आठवडाभर पाठांतर कुणी करून घेतलं, हे त्याने पाहिलेलं असतं.

मी प्राथमिक शाळेत बाई होते, त्यामुळे ही भाषणं मला मुलांइतकीच पाठ आहेत. टिळक पुण्यतिथीच्याच दिवशी अण्णा भाऊ साठे यांची जयंती असते. टिळक गेले तो १ ऑगस्ट १९२० हाच अण्णा भाऊंच्या जन्माचा दिवस. अण्णा भाऊंचं भाषण ज्याच्या वाट्याला येतं त्याची जरा पंचाईत होते, कारण त्यात टरफलं नसतात. त्यांची शाळाच दीड दिवसाची. जातीवरून मिळालेली वागणूक सहन झाली नाही आणि ते पोर वर्गाबाहेर पडलं ते पडलंच, असं सांगतात. एका मुलाच्या रागाची गोष्ट झाली, दुसऱ्याच्या रागापायी शाळा सुटली. राग दोघांचाही अन्यायाचाच होता. कुणाच्या रागाला बाणा म्हणायचं आणि कुणाच्या रागाला उर्मटपणा, हे आपण रागाकडे बघून ठरवत नाही, माणसाकडे बघून ठरवतो. घरातसुद्धा. मुलगा चिडला तर "बाणेदार आहे हो", मुलगी चिडली तर "हिचं पुढे कसं व्हायचं?" हिचं वय वर्षं पाच.

आपल्याला मूल स्वाभिमानी हवं असतं. त्याने जगापुढे मान ताठ ठेवावी, अन्याय सहन करू नये, कुणी ढकललं तर ठाम उभं राहावं. फक्त हे सगळं घराबाहेर करावं आणि घरात आल्यावर चपलांबरोबर दाराशी काढून ठेवावं. हे जमत नाही. ज्याला 'माझं' कळतं त्यालाच ते हिसकावल्याचा राग येतो. राग काढून टाकलेला स्वाभिमान बाजारात अजून मिळत नाही. मिळाला असता तर आपण तो सुट्टीच्या शिबिरात फी भरून घेतला असता.

मुलांच्या रागाकडे अभ्यासकांनी फार पूर्वीच लक्ष दिलं आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी आयांना नोंदी ठेवायला सांगितल्या: मूल केव्हा चिडलं, कशावरून, किती वेळ, आणि मग तुम्ही काय केलंत. त्यावर त्यांचं पुस्तक १९३१ साली आलं. काम आयांना दिलं हे बरं झालं. बाबांना दिलं असतं तर निम्म्या वह्या कोऱ्या परत आल्या असत्या. शेरा, 'मी ऑफिसात होतो'. त्या नोंदींतून दिसलेली एक गोष्ट अशी, की जेवणाच्या आधीच्या वेळात मुलं जास्त चिडतात. माझ्या आजीने मिनेसोटाचं नाव ऐकलं नव्हतं. पण पोराने भोकाड पसरलं की ती "काय झालं?" असं कधी विचारत नसे. "सकाळपासून पोटात काय गेलंय त्याच्या?" असं सुनांना विचारत असे. मऊ भात, तूप, मीठ. तंट्याची सुनावणी त्यानंतर, आणि बहुतेक वेळा फिर्यादीच हजर नसे. तो ताट चाटून अंगणात पळालेला असे.

पुढे मायकेल पोटेगल आणि जेम्स ग्रीन या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून पुढची मजल मारली. लहानग्यांच्या कपड्यांत त्यांनी छोटे मायक्रोफोन शिवले आणि घरच्या घरी होणारे थयथयाट ध्वनिमुद्रित केले. (आमच्या इमारतीत हा खर्च वाचला असता. चौथ्या मजल्यावरचं रडं तळमजल्यावर स्वच्छ ऐकू येतं, वर कारणासह.) २०११ साली त्यांनी जे मांडलं ते मला फार पटलं. ओरडणं, किंचाळणं हा रागाचा आवाज. रडणं, मुसमुसणं, किरकिर हा दुःखाचा. आधी राग आणि मग दुःख असा क्रम असेल, अशी समजूत होती. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांत मिसळलेले निघाले. रागाचे उमाळे येतात आणि ओसरतात, दुःख मात्र खालून चालूच असतं. म्हणजे ज्या पोराला आपण 'आकांडतांडव करतंय' म्हणतो, ते त्याच वेळी दुःखीही असतं. आपल्याला वरचा आवाज ऐकू येतो, कारण तो मोठा असतो.

आणि नेमकं याच वेळी आपण तोंडी परीक्षा घेतो. "का रडतोस? काय हवंय? असं कुणी करतं का? मी काय सांगितलं होतं काल? बोल. आता का बोलत नाहीस?" राग शिगेला असताना मोठ्या माणसालाही स्वतःचा पिनकोड आठवत नाही, तिथे चार वर्षांच्या मुलाने स्वतःच्या वर्तनाची कारणमीमांसा करावी, अशी आपली अपेक्षा. प्रश्न विचारून राग लांबतो, असं पोटेगल यांचंही म्हणणं. जवळ असावं, त्याला लागू नये एवढं बघावं, आणि गप्प बसावं. यातलं तिसरं फार अवघड आहे. मराठी माणसाला विशेष.

जुन्या लोकांनी यासाठी वास्तुशास्त्रात सोय केली होती. अयोध्येच्या राजवाड्यात कोपभवन होतं. रागावलेल्या माणसाने जाऊन बसायची स्वतंत्र जागा! आजकालच्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन असतं, वॉक-इन वॉर्डरोब असतो, पण रुसून बसायला जागा नसते. वाड्यांमध्ये निदान माळा होता, जिन्याखालचा कोनाडा होता, पिंपामागचा अंधार होता. आता पोरं बाथरूममध्ये जाऊन कडी लावतात, की लगेच बाहेरून तिघे जण दार वाजवतात, त्यात एकाला खरोखरच जायचं असतं. माझ्या ओळखीची एक मुलगी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन बसते. तिथे तिने एक उशी ठेवली आहे. घरच्यांनी ती उशी उचलली नाही, यासाठी मला ते कुटुंब फार आवडतं.

कोपभवनाचा एक नियम लक्षात घ्यावा. कैकेयी तिथे स्वतःच्या पायांनी गेली, शिक्षा म्हणून तिला कुणी धाडलं नव्हतं. "जा, कोपऱ्यात उभा राहा" ही शिक्षा झाली. कोपभवन ही सवलत आहे. आणि दुसरं म्हणजे दशरथ तिथे जाऊन जे बोलला ते आपण बोलू नये. काय हवंय ते पुरतं कळायच्या आधीच त्याने "तू म्हणशील ते करतो" म्हणून रामाची शपथ घेतली. त्याला फक्त समोरचं रडणं थांबायला हवं होतं. पुढचं रामायण आपल्याला माहीत आहे. हॉटेलात पोर किंचाळायला लागलं की शेजारच्या टेबलावरच्या लोकांकडे ओशाळं हसत जो बाप खिशातला मोबाइल काढून पुढे करतो, तो याच घराण्यातला. त्याने राग शांत केलेला नसतो, किंमत वाढवलेली असते. पुढच्या वेळी पोर त्याच किमतीपासून सुरुवात करतं.

राग येऊ देणं आणि रागाने जे वाटेल ते करू देणं, यात फरक आहे, हे खरं तर मुलांना लवकर समजतं. "तू चिडलास ते चालेल, ताईला चावलास ते चालणार नाही." एवढं वाक्य पुरतं. रोज म्हणावं लागतं, हा भाग वेगळा. अडचण अशी की राग कुणावर काढायचा, याचं शिक्षण आपण फार लहानपणी आणि फार लाडाने दिलेलं असतं. बाळ नुकतं चालायला लागलेलं, धडपडतं, ओठ काढतं. आजी धावते आणि फरशीला धपाधप मारते. "आमच्या बाळाला लावलंस? थांब, हत् तुझी!" बाळ खूश. फरशीचा दोष शून्य. हाच प्रसंग दुसरी आजी "अरे अरे, मुंगी मेली बघ!" म्हणून निभावते, तिथे पोर रडायचं विसरून मुंगी शोधायला लागतं. दोन्ही आज्या प्रेमळच. पण पहिल्या घरातलं पोर पुढे पेपर अवघड गेला की पेनाला, मग वर्गशिक्षिकेला, मग बोर्डाला दोष देताना दिसलं, तर आश्चर्य वाटू नये.

अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ साली स्टॅनफर्डच्या शिशुशाळेतल्या मुलांसमोर मोठ्या माणसांना एका हवा भरलेल्या बाहुल्याला बडवायला लावलं. नंतर मुलांना त्या बाहुल्याजवळ सोडलं, तर त्यांनी तसंच बडवलं, काहींनी तर शब्दही तेच वापरले. आपल्याकडे या प्रयोगाला बाहुला लागत नाही. स्कूटरवर पुढे उभं राहून जाणारं मूल सिग्नलपासून शाळेच्या फाटकापर्यंत बाबांकडून काय काय शिकतं, ते वर्गात आम्ही ऐकत होतो. आणि ती प्रसिद्ध प्रेशर कुकरची उपमा, की राग कोंडू नये, उशी बडवावी, वाफ जाऊ द्यावी! ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली ही समजूत तपासली. चिडवणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगला ठोसे मारणाऱ्यांचा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला आढळला. नुसते गप्प बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. तेव्हा उशी वाचवावी. ती कपाटामागच्या फटीत जास्त उपयोगी पडते.

आता आत्मसन्मान. हा वाढवायचा कसा, यावर कॅलिफोर्नियात १९८६ साली सरकारने चक्क समिती नेमली होती. माणसाला स्वतःबद्दल चांगलं वाटू लागलं की गुन्हे, व्यसनं, नापासी सगळं कमी होईल, अशी आशा. १९९० साली अहवाल आला, शाळाशाळांत 'तू खास आहेस'चे धडे सुरू झाले. पुढे २००३ साली रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी सगळं संशोधन चाळून सांगितलं, की स्वतःबद्दल चांगलं वाटल्याने मार्क वाढतात असं दिसत नाही. मार्क चांगले पडले की मात्र चांगलं वाटतं. हे आमच्या शाळेतल्या शिपाईमामांनीही सांगितलं असतं, समिती न नेमता.

आपल्याकडे या चळवळीची शाखा गणेशोत्सवात भरते. सोसायटीच्या वेशभूषा स्पर्धेत पहिला, दुसरा, तिसरा, आणि उरलेल्या सगळ्यांना 'उत्तेजनार्थ'. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकचा डबा. मुलं मूर्ख नसतात. झाड झालेला मुलगा पूर्ण वेळ नाक खाजवत उभा होता, हे त्याला स्वतःला माहीत असतं. त्या डब्याने तो उत्तेजित होत नाही. त्याला एवढंच कळतं की मोठ्यांचं कौतुक स्वस्त असतं. त्यापेक्षा कुणी म्हटलं असतं, "उन्हात एवढा वेळ पानं लावून उभा राहिलास, दमला असशील," तर ते त्याने घरी नेलं असतं.

कौतुकाची दुसरी तऱ्हा अधिक धोक्याची, आणि ती आपल्या फार आवडीची. 'हुशार'. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचा १९९८ सालचा प्रयोग शिक्षकांच्या प्रशिक्षणात आता बऱ्याच ठिकाणी सांगतात. पाचवीच्या वयाच्या मुलांनी कोडी सोडवली. काहींना म्हटलं, हुशार आहेस; काहींना म्हटलं, मेहनत घेतलीस. मग निवड दिली, तर हुशार म्हटलेल्यांनी सोपं काम मागितलं. पदवी मिळालेली असते, ती घालवायची कशाला? पुढे अवघड कोडी आली, तिथे सगळ्यांचीच दाणादाण उडाली. त्यानंतर पुन्हा सोपी दिली, तरी हुशार मंडळी मागे पडली. आणि शेवटी आपले गुण एका अनोळखी मुलाला लिहून कळवायचे होते, तेव्हा हुशार म्हटलेल्यांपैकी दहातल्या जवळजवळ चार जणांनी ते वाढवून लिहिले.

मला यात पालकसभा दिसली. "बाई, तो हुशार आहे हो, फक्त अभ्यास करत नाही." हे वाक्य मी इतक्या आईबाबांकडून ऐकलं, की हजेरीपत्रकात त्यासाठी वेगळा रकाना ठेवावा असं वाटे. त्यात मुलाची अब्रू वाचते, आईबापांच्या रक्ताची वाचते, आणि अभ्यास न करण्याला एक भारदस्त कारण मिळतं. मूल हे ऐकत शेजारीच उभं असतं. ते मनाशी हिशेब मांडतं: अभ्यास केला आणि तरी कमी पडले, तर 'हुशार'ही जाणार. त्यापेक्षा न केलेला बरा. आणि अशा मुलाची वही कुणी तपासायला मागितली की ते चवताळून उठतं. त्याला आपण तापट म्हणतो. ते घाबरलेलं असतं.

रागावणं मुलांना येतंच, पण रागातून परत येणंही त्यांना आपल्यापेक्षा चांगलं येतं. 'गट्टी फू' ही संस्था बघा. करंगळी पुढे करून, अंगठा दाखवून, रीतसर, साक्षीदारांसमोर जाहीर होते. त्या काळात थेट बोलायचं नाही, पण मध्यस्थामार्फत खोडरबर मागता येतं. मधल्या सुट्टीत कुणाच्या तरी डब्यात लाडू निघतो आणि गट्टी पुन्हा होते. कोण आधी चुकलं, याचा निवाडा होत नाही, माफीनामा लिहून घेतला जात नाही. दोन्ही पक्षांची मान शाबूत. आम्ही बायका मात्र शिक्षकांच्या खोलीत वर्षानुवर्षं न बोलता चहा पीत होतो, कारण आमच्यात लाडवाची तरतूद नव्हती.

मराठी घरातला सर्वांत थोर रुसवा ज्ञानेश्वरांचा. परंपरा सांगते, की लोकांच्या वागण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीत गेले आणि त्यांनी ताटी लावून घेतली. बाहेर धाकटी बहीण, मुक्ताई. तिने ताटी ढकलली नाही. "लोक काय म्हणतील" म्हटलं नाही. दादा, तू चुकलास, असंही नाही. ताटीच्या अभंगांत ती त्याला आठवण करून देत राहते, की तू कोण आहेस आणि तुझ्यासारख्याने जगाचा राग कसा सोसायचा असतो. सगळं बाहेरून, दाराला हात न लावता. कडी आतूनच निघायला हवी, हे त्या पोरीला उमगलं होतं. आत्मसन्मान आणि राग या दोन्हींवरची आजवरची सगळी शिबिरं मला या एका प्रसंगापुढे फिकी वाटतात.

परत येणाऱ्याला दारातच अडवण्यात आपण मोठी माणसं पटाईत. पोर डोळे पुसत, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बाहेर येतं, आणि काका म्हणतात, "आले का महाराज? उतरला का राग?" की ते पुन्हा आत. शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने बंदी आहे. घरातल्या काकांना ते कलम लागू नाही. पाहुण्यांसमोर गाणं म्हणायला उभं करणं, नाही म्हटलं तर "घरी म्हणतो हो, इथेच लाजतो" असा जाहीर खुलासा करणं, शेजारच्या मुलीचे मार्क जेवताना वाढणं, यालाही नाही.

सगळ्याच गोष्टी एकदम सुधारा असं मी सांगणार नाही. तुम्हालाही दमल्यावर राग येतो आणि तुमच्याकडेही कोपभवन नाही. एकच मागते. मुलाचा राग शांत झाला, ते जेवलं, अंथरुणात शिरलं, की लगेच मावशीला फोन लावून "आज काय तमाशा केला म्हणून सांगू!" असं सुरू करू नका. भिंती पातळ असतात आणि मुलं उशिरा झोपतात. अगदीच राहवत नसेल तर उद्या सांगा, ते शाळेत गेल्यावर. आणि मावशीलाही बजावून ठेवा, की रविवारी आलीस तर विषय काढायचा नाही.